डेटा सायन्स आणि धोरण यात पदव्युत्तर पदवी घेतली तर पुढे काम कुठे? (जिल्हा यवतमाळ)

आर्णीरोड यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. बीएस्सी झाली आहे, विषय गणित, सांख्यिकी आणि संगणकशास्त्र, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. डेटा सायन्स आणि सार्वजनिक धोरण असा एकत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचा विचार करून राहिलो. नुसतं डेटा सायन्स केलं तर पुणे-बंगळूर ठरलेलंच. मला शेती, पाणी, आरोग्य यातलं काम हवं आहे आणि जमलं तर विदर्भातच.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सरकारी पदांना ही पदवी चालते का? जिल्ह्याच्या ठिकाणी या शिक्षणाचं काम खरंच असतं का? आणि घरी साडेचार एकर कोरडवाहू आहे, तेव्हा कर्ज काढून करण्यासारखं आहे का? धीर देऊ नका, माहिती द्या.

पैसेवारी

सरकारी दारापासून सुरू करतो, कारण तिथे पदवीचं नाव अक्षरशः वाचलं जातं. आत काय शिकलात ते नंतर.

भारतीय सांख्यिकी सेवा (यूपीएससी, वय २१ ते ३०) : पदवीला सांख्यिकी, गणितीय सांख्यिकी किंवा उपयोजित सांख्यिकी यांपैकी एक विषय लागतो, नाहीतर त्यातलीच पदव्युत्तर पदवी. म्हणजे तुम्ही आजच्या बीएस्सीवरच पात्र आहात, पुढे काहीही करा. लेखी १००० गुणांची, मुलाखत २०० ची. सांख्यिकीचे चार पेपर प्रत्येकी २०० चे, त्यातले पहिले दोन वस्तुनिष्ठ आणि नंतरचे दोन लिहिण्याचे. उरलेल्या २०० त इंग्रजी आणि सामान्य अध्ययन. इथे मुलं अडकतात ती नमुना निवड आणि अनुमानशास्त्रात, कारण डेटा सायन्सच्या वर्गात हे दोन विषय दोन-चार तासांत उरकतात.

भारतीय आर्थिक सेवा : अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यातलीच पदव्युत्तर पदवी हवी. ‘डेटा सायन्स आणि धोरण’ त्या यादीत बसत नाही. अर्धे पेपर अर्थशास्त्राचे असले तरी पदवीपत्रावर तो शब्द नसेल तर अर्ज तिथेच थांबतो.

एसएससी सीजीएल (केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची पदवीधरांसाठीची परीक्षा) यातलं कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी हे पद (वेतनस्तर ६) : बारावीच्या गणितात ६० टक्के किंवा पदवीला सांख्यिकी. हेही तुम्हाला आजच खुलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पाहण्या याच संवर्गाच्या जिवावर चालतात, आणि त्यांचं प्रादेशिक कार्यालय नागपुरात आहे.

राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय. जिल्ह्याचं ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढतं ते जिल्हा सांख्यिकी कार्यालय याच संचालनालयाचं. सहायक संशोधन अधिकारी, सांख्यिकी सहायक, अन्वेषक ही तिथली पदं. जिल्हा परिषदेत विस्तार अधिकारी (सांख्यिकी) हे वेगळं पद असतं. सगळीकडे जाहिरातीत विषयांची नावं लिहिलेली असतात : सांख्यिकी, गणित, अर्थशास्त्र, वाणिज्य अशी. नव्या नावाची पदवी असली की समकक्षतेचं पत्र मागतात, आणि मागतात ते कागदपत्र पडताळणीला, म्हणजे परीक्षा पास झाल्यावर. विद्यापीठातून तसं पत्र आठ दिवसांत निघेल या भरवशावर कोणी राहू नये.

म्हणून प्रवेश घेण्याआधी विभागाला एकच गोष्ट मागा : मागच्या तुकडीच्या पदवीपत्राचा आणि गुणपत्रिकेचा नमुना, नाव झाकून. त्यावर ‘सांख्यिकी’ किंवा ‘अर्थशास्त्र’ हा शब्द छापलेला दिसतो का ते पाहा. माहितीपुस्तिका बघून ठरवू नका, तिथे काहीही लिहितात.

मुख्यमंत्री फेलोशिपही लक्षात असू द्या. हीदेखील अर्थ व सांख्यिकी संचालनालयच राबवतं. वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के, एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव, मराठी येणं आवश्यक, आणि मुदत १२ महिने. ऑनलाइन परीक्षा, मग निबंध, मग मुलाखत. पदव्युत्तर पदवी तेविसाव्या वर्षी संपली आणि वर्षभर काम केलं तर चोविसाव्या वर्षी अर्ज बसतो. मध्ये स्पर्धा परीक्षेसाठी दोन वर्षं थांबलात की सव्विशी हातची जाते. फेलोशिप ही नोकरी नव्हे, पण कलेक्टर ऑफिसातली फाइल वर कशी सरकते ते वर्षभर जवळून दिसतं, आणि ‘धोरण’ या शब्दाचा बराचसा अर्थ त्यातच आला.

रिठीगाव

पैसेवारी यांनी कायम पदांचं सांगितलं. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रत्यक्षात जी कामं निघतात ती बहुतेक कंत्राटी असतात : राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं संनियंत्रण-मूल्यमापन, ‘उमेद’ (ग्रामीण बचतगटांचं अभियान), पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प), आणि नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रातली नकाशांची कामं. अकराअकरा महिन्यांचे करार, आणि जागतिक बँकेच्या पैशावरचा प्रकल्प असला की प्रकल्पाबरोबर पदही संपतं. विदर्भातले गडचिरोली आणि वाशिम हे दोन जिल्हे २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात (मागे पडलेल्या जिल्ह्यांसाठीचा) आहेत. तिथे ४९ निर्देशकांची आकडेवारी सतत वर पाठवावी लागते, त्यामुळे आकड्यांचं भान असलेला माणूस तिथे उपयोगी पडतो.

आता या कामात दिवसभर काय करतात ते सांगतो, कारण अभ्यासक्रमाच्या जाहिरातीत हे नसतं. दिवसाचे आठ तास असतील तर सहा तास दोन याद्या एकमेकींना जोडण्यात जातात. आरोग्य विभागाची गावयादी, महसूलची गावयादी, ग्रामपंचायतींची यादी, शाळांची यू-डायस यादी. गावाचं नाव घेऊन जोडायला गेलात की संपलं. वडगाव, पिंपळगाव, खैरी या नावांची गावं तालुक्यागणिक भेटतात, आणि त्यात बु., खु. कोणी लिहितो, कोणी गाळतो.

जोडायचं ते कोडवर. पण कोडही दोन. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यांचे कोड बुलढाणा ५००, अकोला ५०१, वाशिम ५०२, अमरावती ५०३, वर्धा ५०४, नागपूर ५०५, भंडारा ५०६, गोंदिया ५०७, गडचिरोली ५०८, चंद्रपूर ५०९ आणि यवतमाळ ५१० असे आहेत. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत, म्हणजे एलजीडीत, यवतमाळ ५०० आहे. एक फाइल जनगणनेच्या कोडची आणि दुसरी एलजीडीची असली, आणि तुम्ही न बघता ‘५००’ वर जोडलंत, तर यवतमाळच्या कापसासमोर बुलढाण्याची लोकसंख्या येऊन बसते. संगणक कसलीही चूक दाखवत नाही आणि तक्ता छान भरलेला दिसतो. तालुक्याचा जनगणना कोड पाच अंकी असून शून्याने सुरू होतो. एक्सेलमध्ये फाइल नुसती उघडून सेव्ह केली तरी ते शून्य गळतं आणि जोडणी रिकामी येते. म्हणून आयात करतानाच तो रकाना ‘मजकूर’ म्हणून घ्यायचा.

दुसरं म्हणजे रिठी गावं. महसुलात मौजा आहे, सातबारे आहेत, पेरा आहे, पण वस्ती नाही. विदर्भात अशी गावं भरपूर. दरडोई काही काढायला गेलं की शून्याने भागाकार होतो. मग कोणीतरी अशा ओळी सरसकट उडवून टाकतो आणि तालुक्याचं पेरणी क्षेत्र कमी भरतं. गावांची यादी ‘वस्ती आहे / रिठी’ अशी आधीच वेगळी खूण करून ठेवली तर हा घोळ होत नाही.

तिसरं, फॉन्ट. जुने अहवाल श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये असतात. पीडीएफमधून उचललं की चित्रविचित्र अक्षरं येतात. फॉन्ट कळला तर परिवर्तक वापरून युनिकोड करता येतं. नाहीतर टेसरॅक्ट या प्रणालीने मराठी ओसीआर करायचं (म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून वाचून घ्यायची), आणि त्यात १ आणि ९ यांची हमखास अदलाबदल होते. यावर उपाय जुनाच : प्रत्येक तक्त्याची बेरीज स्वतः करून छापलेल्या एकूण ओळीशी ताडायची. न जुळलेल्या ओळीच फक्त डोळ्यांनी वाचायच्या.

अभ्यासक्रम निवडताना विचारा की असा कच्चा, घाण डेटा हाताळायला देतात का. तयार, स्वच्छ फाइलवर मॉडेल बसवायला चार महिन्यांत कोणीही शिकतो.

कापूसकोंड्या

रिठीगाव भाऊंचं कोडपुराण मान्य, पण हे काम महिना-दोन महिन्यांत शिकता येतं. त्यासाठी दोन वर्षं आणि लाखो रुपये कशाला? सांख्यिकीत एम.एस्सी. करा. पैसेवारी म्हणतात तो शब्दही पदवीवर येतो आणि फीही कमी. धोरण वाचून कळतं.

पैसेवारी

कायम सरकारी पद हेच लक्ष्य असेल तर कापूसकोंड्या यांचं बरोबर आहे. पण मूल्यमापन करणाऱ्या संशोधन संस्था आणि सल्लागार कंपन्या मुलाखतीत ‘या योजनेचा परिणाम झाला हे कशावरून म्हणता’ असं विचारतात. त्याचं उत्तर देण्याची सवय चांगल्या धोरण अभ्यासक्रमात लागते, नुसत्या सांख्यिकीत लागेलच असं नाही. पाणलोटाच्या गावात विहिरींची पातळी वाढली, पण त्या वर्षी पाऊसही जास्त होता. मग शेजारची, काम न झालेली गावं कोणती घ्यायची, आणि ती आधीपासूनच वेगळी नव्हती हे कसं दाखवायचं? हे पुस्तकात वाचून कळतं, पण कोणी चार वेळा खोडून काढल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

सातबारा

कर्जाचं बोलतो. शैक्षणिक कर्जात साधारण रचना अशी : ४ लाखांपर्यंत तारण नाही, ४ ते ७.५ लाखांत जामीनदार किंवा सरकारी हमी, ७.५ लाखांच्या वर तारण. आणि इथेच खेड्यातला माणूस फसतो. त्याच्याकडे तारण म्हणजे शेत. शेतजमिनीला सरफेसी कायदा (कर्ज थकलं तर बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा) लागू होत नाही, म्हणून बँका शैक्षणिक कर्जाला ती सहसा घेत नाहीत. घर गावठाणात असेल तर कागद पुरे नसतात. जमीन भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी) असेल तर विषयच संपला. प्रवेश मिळाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आज शाखेत जाऊन ‘तारण म्हणून काय घेता’ एवढं विचारून या.

देशातलीच नामांकित संस्था असेल तर २०२४ च्या नोव्हेंबरात आलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहा. निवडलेल्या दर्जेदार संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असताना व त्यानंतरच्या सवलतीच्या काळात ३ टक्के व्याजसवलत. संस्था यादीत आहे का हे आधी बघायचं. परदेशी अभ्यासक्रमाला ही योजना नाही. त्यासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अट जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मधलं विद्यापीठ. इतर प्रवर्गांसाठी महाज्योती, सारथी, आदिवासी विकास विभाग यांच्या सूचना दरवर्षी पाहत राहा.

इंग्लंडचा एक वर्षाचा अभ्यासक्रम डोक्यात असेल तर शिक्षणानंतरचा राहण्याचा परवाना १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा होतो आहे. ‘तिथे दोन वर्षं कमावून कर्ज फेडू’ हा हिशोब त्यामुळे बदलतो.

आकडा डोळ्यांसमोर ठेवा. १० लाख, व्याज १०.५ टक्के, फेड १० वर्षं : हप्ता सुमारे १३,५०० रुपये. पण दोन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष सवलत या तीन वर्षांचं साधं व्याज मुद्दलात गेलं, तर १३ लाख १५ हजारांवर हप्ता जवळपास १७,७०० होतो. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तर थोडा कमी. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर पहिल्या आकड्याजवळ राहाल. अकरा महिन्यांच्या करारावर दहा वर्षांचा हप्ता घ्यायचा की नाही हा निर्णय तुमचा. माझं मत विचाराल तर ७.५ लाखांच्या आत बसणारा, देशातलाच अभ्यासक्रम.

आर्णीरोड

सगळ्यांचे आभार. पैसेवारी दादांनी सांगितलं तसं दोन ठिकाणी पदवीपत्राचा नमुना मागवला आहे. आता एक विचारतो : मुलाखतीत दाखवायला स्वतःचा एखादा प्रकल्प हवा म्हणतात. यवतमाळच्या माणसाने कोणता घ्यावा? कापसाचे भाव भाकीत करणारं मॉडेल डोक्यात आहे.

रिठीगाव

भावाचं भाकीत घेऊ नका. शंभरातले पन्नास जण तेच करतात, आणि सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी, निर्यात, रुईचे जागतिक दर यापैकी काहीच तुमच्या फाइलमध्ये नसतं. समोरचा पहिल्याच प्रश्नात पाडतो.

पीक विमा घ्या. राज्यातला एक रुपयाचा विमा २०२३ च्या खरिपापासून होता, तो २०२५ मध्ये बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांच्या (मोजक्या शेतांतला ठरावीक तुकडा कापून केलेल्या मोजणीच्या) उत्पादनावर आली. सूत्र उघड आहे. मागच्या सात वर्षांतल्या सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी घ्यायची, तिला जोखीमस्तराने गुणायचं (आपल्याकडे ७० टक्के), हे उंबरठा उत्पादन. यंदाचं उत्पादन त्याच्या खाली गेलं तर जितके टक्के तूट, तितके टक्के विमा रकमेची भरपाई. समजा चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १४ क्विंटल. उंबरठा ९.८. यंदा ७.८४ आलं तर तूट २० टक्के, म्हणजे ५० हजारांच्या विम्यावर १० हजार.

आता यात सांख्यिकी घाला. महसूल मंडळात (तालुक्यातला काही गावांचा गट) दहा प्रयोग झाले आणि शेताशेतांतला चलन गुणांक (सरासरीच्या मानाने चढउतार) ४० टक्के धरला, तर सरासरीची प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे ती साधारण किती हलते ते) ४० भागिले दहाचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १२.६ टक्के. ७.८४ वर ती एक क्विंटलच्या आसपास झाली. २० टक्क्यांची तूट मोजायला निघालेलं माप स्वतःच १२-१३ टक्के हलतं! शेजारशेजारच्या दोन मंडळांत एकाला विमा मिळतो आणि दुसऱ्याला दमडी नाही, यावर गावात जे भांडण होतं त्यात नमुन्याचा वाटा किती आणि खऱ्या फरकाचा किती, हे वेगळं काढून दाखवा. प्रयोग दहाचे वीस केले तर त्रुटी ९ टक्क्यांवर येते, पण सहायक कृषी अधिकाऱ्याचं (पूर्वीचा कृषी सहायक) आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याचं काम दुप्पट होतं, तेही ऐन काढणीत. असं दोन पानांचं टिपण लिहिलंत की ‘धोरण’ झालं.

पावसासाठी महावेध या हवामान प्रकल्पाची मंडळनिहाय केंद्रं आहेत. पेऱ्यासाठी ई-पीक पाहणी, जी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आहे. पण तिथे शेतकरी स्वतः नोंद करतो, आणि कपाशीत तुरीच्या ओळी असल्या की कोणी दोन्ही लिहितो, कोणी एकच. उपग्रहाचं वेड असेल तर सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या चित्रांत जुलै-ऑगस्टमध्ये ढगच दिसतात, म्हणून ढगांआडूनही टिपणारं रडारचं सेंटिनेल-१ सोबत घ्यावं लागतं. आणि कपाशी-तूर आंतरपीक तिथेही घोळ घालतंच.

मेळघाटवाली

आरोग्यात जाणार असाल तर एक भर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९–२१) ची जिल्हा पत्रकं सगळे वापरतात. एका जिल्ह्यात नमुना सरासरी नऊशे घरांचा. त्यात सहा महिन्यांखालची बाळं किती असणार? म्हणून पत्रकात काही आकडे कंसात असतात (२५ ते ४९ नोंदी) आणि काही जागी नुसती फुली असते (२५ पेक्षा कमी). कंस गाळून तो आकडा सादरीकरणात टाकला, आणि ‘अमुक जिल्ह्यात स्तनपान १५ टक्क्यांनी घसरलं’ असं म्हटलं, की जाणकार माणूस पुढचं ऐकत नाही. आणि पत्रक जिल्ह्याचं असतं. त्यावरून धारणी आणि अचलपूर या तालुक्यांबद्दल काहीही बोलता येत नाही, तरी लोक बोलतात.

निवड चाचणीत बहुतेक ठिकाणी दोन-तीन तास आणि एक एक्सेल फाइल देतात. त्यात मुद्दाम पेरलेलं असतं : दुबार नोंदी, वयात -९९, कुठे शून्य म्हणजे ‘नाही’ तर कुठे ‘माहिती नाही’, तारखा अर्ध्या दिवस-महिना आणि अर्ध्या महिना-दिवस. आर वापरा, पायथन वापरा किंवा स्टाटा, गुण मिळतात ते काय सापडलं आणि त्याचं काय केलं याची चार ओळींची नोंद सोबत जोडली तर.

आणि दुचाकीचा परवाना काढून ठेवा, हसण्यावारी नेऊ नका. क्षेत्र पर्यवेक्षकाच्या जाहिरातीत तो मागतात. कोबो किंवा सर्वेसीटीओ या ॲपवरची पाहणी टॅबवर चालते, नेटवर्क नसलं तरी नोंद साठते. पण बाई मजुरीहून संध्याकाळी सहाला घरी येते आणि शेवटची एसटी त्याआधीच गेलेली असते. वेचणीच्या दिवसांत दुपारी केलेल्या पाहणीत गावातले म्हातारे आणि दुकानदारच जास्त सापडतात, मग सरासरी वय बघून मुख्य कार्यालय विचारत बसतं की असं कसं.

आर्णीरोड

परवाना आहे. पीक विमाच घेतो. कापणी प्रयोगांचे मंडळनिहाय आकडे मिळतात कुठे?

पैसेवारी

तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आधी साधा अर्ज द्या. नाही दिले तर माहिती अधिकारात जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे : दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘पीक विम्याची सर्व माहिती’ असं लिहू नका, परत येतो. तालुका, मंडळ, पीक, हंगाम आणि वर्षं नेमकी लिहा, आणि ‘एक्सेल स्वरूपात, ईमेलवर’ असं ठळक टाका. नाहीतर झेरॉक्सचा गठ्ठा येईल आणि वर पानामागे दोन रुपये.